दिवस सांगितला होता

परवा बसमध्ये नेहमीच्या बाजूला जागा मिळाली नाही, म्हणून मैदान दिसलं. ऑकलंडमधली हिल्सबरोहून ओटाहुहुला जाणारी आमची बस फुटबॉल क्लबच्या कुंपणाला लागून वळते, आणि त्या वळणावर मी सहसा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत असते. आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता. गवतावर जागोजागी पाणी साचलं होतं, सीगल त्यात पाय बुडवून उभे होते, आणि पाण्याखालून पांढऱ्या रेघा दिसत होत्या. नव्या सीझनच्या रेघा. त्या वाकड्या होत्या. एका गोलपोस्टसमोरच्या चौकोनाची बाजू मध्येच पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती. बसमधल्या कुणाला ते दिसलंही नसेल. मला मात्र उतरेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या रेघा ल्युबिशा मारायचा.

इथला हिवाळा जुलैत भरात असतो आणि फुटबॉलचा सीझनही तेव्हाच. ऑकलंडला बर्फ पडत नाही, पण ओल हाडांत शिरते. टॉवेल वाळत नाहीत, खिडक्या आतून रडतात, दुपारी पाचला अंधार पडतो. तो हिवाळा मला अजून आधी नाकाला आठवतो. चिखल, ओले मोजे, दुखऱ्या पायांना चोळायचं झोंबरं मलम आणि रेघांचा पांढरा रंग. चारांचा मिळून एक वास होतो. कुणी डोळे बांधून मला त्या वासात उभं केलं, तर मी सांगू शकेन की आता डावीकडे टेबल आहे, टेबलावर एक पाय पसरलेला आहे, आणि त्या पायाचा मालक छताकडे बघत म्हणतोय, “घट्ट बांध. अजून घट्ट.”

ल्युबिशा सर्बियाचा. क्लबचा परदेशी खेळाडू. परदेशी खेळाडू म्हटल्यावर माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, तसं इथे काही नसतं. इथल्या छोट्या क्लबात बाहेरून आणलेल्या खेळाडूला क्लबच्या वरची खोली मिळते, आठवड्यातून तीन संध्याकाळी लहान मुलांना शिकवायचं काम मिळतं, आणि शनिवारी सामन्याआधी मैदान आखायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. ल्युबिशा ते दोरी ताणून करायचा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या, दोरी टिचकी मारून बघायची आणि मग रंगाची गाडी ढकलत निघायचं, मागे न बघता. “मागे बघितलंस की रेघ वाकते,” तो म्हणायचा.

मी त्याला सांगितलं होतं की आमच्या कोल्हापुरात फक्की मारतात. पांढरी पूड मुठीतून सोडत माणूस वाकून चालत जातो, आणि वारा असला की निम्मी फक्की त्याच्याच मिशीवर बसते. त्याला ते फार आवडलं. पुढच्या शनिवारी त्याने नाकाखाली बोटाने पांढरा रंग लावला आणि मला विचारलं, “आता मी कोल्हापूर?”

मी कोल्हापूरची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आण्णा, म्हणजे माझे वडील, फाउंड्रीत काम करून निवृत्त झाले. फुटबॉल हा त्यांचा एकच षोक. आमच्याकडे पेठापेठांच्या, तालमींच्या टीम असतात, आणि कितीतरी वर्षं त्यांत आफ्रिकेतून वगैरे खेळाडू आणतात. सामना जिंकला की त्या परदेशी पोरांना खांद्यावर घेऊन नाचतात, घरी नेऊन तांबडा-पांढरा रस्सा पाजतात, रस्सा तिखट लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की सगळी गल्ली समाधानाने हसते. मी लहानपणी आण्णांच्या मांडीवर बसून हे सगळं बघितलं आहे. म्हणून इथे फिजिओथेरपी शिकताना प्रत्यक्ष काम कुठे करणार असं विचारलं, तेव्हा हॉस्पिटलच्या आधी मी फुटबॉल क्लब असं लिहून दिलं. शिवाय ज्यांच्याकडे मी राहते त्या वंदनामावशींचा मुलगा ईशान याच क्लबात खेळायला जातो. मावशी पुण्याच्या, इथे नर्स आहेत. नात्याने कुणी नाहीत, पण आता नात्याच्या वर आहेत.

तर माझं काम होतं सामन्याआधी खेळाडूंच्या सांध्यांना पट्ट्या बांधायचं. दर शनिवारी ल्युबिशाचा उजवा गुडघा माझ्या हातात असायचा.

माणसाची कारकीर्द त्याच्या पायांवर लिहिलेली असते, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. त्याच्या डाव्या घोट्यावर हाड थोडं पुढे आलं होतं. ते माल्टाचं, तिथली मैदानं दगडासारखी. नडगीवर आडवा पांढरा वण होता, तो कझाकस्तानचा. तिथे म्हणे गोठलेल्या खोट्या गवतावर घसरलं की गवत सुरीसारखं कापायचं. गुडघ्यावरची शिवण थायलंडची, आणि ती घाईत घातलेली होती. माझ्या सरांनी ती बघून नुसताच श्वास सोडला होता. मोरावा नदीकाठच्या त्याच्या गावचं काय आहे, असं मी विचारलं, तेव्हा त्याने पाय उलटा करून टाच दाखवली. लहानपणी अनवाणी खेळताना तारेचं कुंपण लागलं होतं. “हा पहिला करार,” तो म्हणाला.

एक सीझन तो गोव्यातही खेळला होता. त्याचा वण नव्हता. “गोव्यात मी फक्त जाड झालो.”

पस्तिशी गाठलेला बचाव खेळाडू. मोठा कधीच झाला नाही. एकेक वर्ष एकेका देशात, दोन बॅगा, भाषा येईपर्यंत निघायची वेळ. त्याचं त्याला दुःख होतं का, मला सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र त्याला हवी होती, आणि ती त्याने माझ्यापासून लपवली नाही. त्याला अजून एक सीझन हवा होता. एकच. सहा वर्षांची मुलगी होती, नेवेना. तिने बापाला मैदानात खेळताना कधी पाहिलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो कझाकस्तानात होता, चालायला लागली तेव्हा थायलंडमध्ये. फोनच्या चौकटीतला बाप ओळखायची. आता प्रवास करण्याइतकी मोठी झाली होती. क्लबने अजून एक वर्ष ठेवलं, तर पुढच्या जुलैत बायको तिला घेऊन येणार होती. कुंपणाला टेकून ती बापाला खेळताना बघेल, मग तो बूट काढेल, बस.

“तिला एकदा दिसलं पाहिजे,” तो म्हणायचा, “की बाबा कुठे जातो ते. नाहीतर तिला वाटेल, बाबा फोनमध्ये जातो.”

मी पट्टी ओढायची. तो म्हणायचा, “अजून घट्ट.”

पण तो मंद झाला होता. हे मला दिसत होतं, कारण मी गुडघा दर शनिवारी दाबून बघत होते. इतरांना दिसत होतं ते वेगळ्या तऱ्हेने. जूनमधल्या एका सामन्यात समोरच्या टीमचा एक पोरगा, फार तर एकोणीस वर्षांचा, त्याच्या बाजूने असा निघून गेला की जणू तिथे कुणी उभंच नव्हतं. ल्युबिशा वळला. त्याचं वळणं मला अजून दिसतं. आधी मान वळली, मग खांदे, आणि गुडघा सगळ्यात शेवटी, नाखुशीने. तोवर गोल झाला होता. कोल्हापुरात असतं तर शिव्यांचा पाऊस पडला असता. इथे कुंपणापाशी कुणीतरी “अनलकी, लुबो” (क्लबात त्याला सगळे लुबोच म्हणत) म्हणालं आणि थर्मासमधली कॉफी ओतली. ती शांतता मला शिव्यांपेक्षा वाईट वाटली. शिवी देणारा निदान आपल्याकडून काहीतरी मागत असतो.

त्या रविवारी आण्णांचा फोन आला.

“काय गं, तुझा परदेशी प्लेअर काय म्हंतोय? किती पब्लिक येतंय त्याला बघाय?”

“कुत्री धरून पन्नास, आण्णा.”

“कुत्रीबी मॅच बघत्यात?”

“कुत्रीच नीट बघतात. माणसं गप्पा मारतात.”

आण्णा हसले, मग म्हणाले, “एवढ्या लांबनं आलाय गडी. घरी कुणी न्हेतंय का त्याला जेवाय?”

मी म्हणाले, “इथे तसं नसतं, आण्णा.” हे वाक्य मी त्यांना इतक्या वेळा ऐकवलं आहे, की आता ते आपणच म्हणतात, “व्हय, तिकडं तसं नसतंय.”

जुलै लागला तसा ल्युबिशा एक गोष्ट सांगू लागला. पहिल्यांदा मला सांगितली, पट्टी बांधताना. “बाराला माझ्या घरच्या संताचा दिवस आहे. पीटर. माझ्या आजोबांचा, पणजोबांचा, सगळ्यांचा.” मी विचारलं, म्हणजे वाढदिवसासारखा? तो म्हणाला, नाही, घराचा दिवस. त्याला स्लावा म्हणतात. मला आमच्या कुळधर्मासारखं काहीतरी वाटलं आणि मी तसं त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याने मान डोलावली. 

मग त्याने ते कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या टीमला सांगितलं. मग ग्रॅहमला सांगितलं. ग्रॅहम क्लबचा चेअरमन, जन्मभर प्लंबिंगचं काम केलेला, साठीपुढचा माणूस. भर जुलैत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हाफ पँटमध्ये हिंडतो आणि त्याला थंडी वाजत नाही. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं हे त्याच्या कमिटीत ठरायचं. “रविवारी माझ्या संताचा दिवस आहे, ग्रॅहम,” ल्युबिशा रंगाची गाडी धुता धुता म्हणाला. मी तिथेच पट्ट्यांची पेटी आवरत होते. “स्वीट ॲज, लुबो,” ग्रॅहम म्हणाला आणि गोलपोस्टच्या जाळ्या उचलून निघून गेला. ‘मस्त, चालेल’ अशा अर्थाचं हे स्वीट ॲज ग्रॅहम सगळ्यालाच म्हणतो. पाऊस येणार आहे म्हटलं तरी.

ईशानला न्यायला मावशी आल्या, त्यांनाही त्याने दिवस सांगितला. गाडीत मी मावशींना विचारलं, “आपण जायचं का?”

“बोलावलंय का त्याने?”

“नाही. दिवस सांगितला.”

“मग कसं जाणार, बाई? चार माणसांचा स्वयंपाक करून ठेवला असेल बिचाऱ्याने, त्यात आपण तिघं टपकायचं? तुमच्या कोल्हापुरात चालत असेल कुणीही कुणाच्या पंगतीत बसलेलं.”

“पुण्यात बोलावूनसुद्धा कुणी बसवत नाही,” मी म्हणाले.

मागून ईशान म्हणाला, “Is there cake?”

“There is homework,” मावशी म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

रविवारी दुपारी मी क्लबवर गेले ती पट्ट्यांची पेटी आणायला. सोमवारी कॉलेजात ती परत करायची होती आणि पेटी ल्युबिशाच्या खोलीत राहिली होती. खाली मैदानावर लहान मुलांचे सामने चालले होते. जिना चढताना वास आला, भाजलेल्या मांसाचा, आंबूस कोबीचा आणि त्यामागून आणखी एक, जो मला इतका ओळखीचा वाटला की मी जिन्यात थांबले. शिजलेल्या गव्हाचा वास.

दार सताड उघडं होतं. एवढ्या थंडीत.

आत त्याने टेबल मांडलं होतं. खरं तर क्लबची तीन टेबलं एकाला एक लावून वर पांढरी चादर घातली होती. ताटं, ग्लास, सुऱ्या, काटे, सगळ्या टीमला पुरतील एवढे. मधोमध वेणीसारखी नक्षी काढलेला गोल ब्रेड, त्याच्याशेजारी उंच मेणबत्ती पेटलेली, भिंतीला संताचं छोटं काळपट चित्र टेकवलेलं. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या मांसाची भलीमोठी पातेली. आणि दाराजवळच एका काचेच्या वाडग्यात साखर पेरलेले गहू, त्यात खोवलेले चमचे. ल्युबिशा इस्त्रीच्या शर्टात खिडकीपाशी उभा होता. त्याने दाढी केली होती.

“आलीस,” तो म्हणाला.

“मी पेटी न्यायला आले.”

“पेटी नंतर. आधी गहू.”

त्याने वाडगा माझ्यासमोर धरला. शिजवलेले गहू, अक्रोड, साखर. मी एक चमचा तोंडात घातला आणि लगेच दुसरा भरला. आमच्या घरी खपली गव्हाची खीर असते. तिच्यात गूळ, नारळ, वेलदोडा. यात त्यातलं काहीच नव्हतं. तरी दाताखाली गहू फुटला तो तसाच फुटला.

मी विचारलं, “बाकीचे कधी येणार आहेत?”

“ज्याला यायचं तो येतो.”

“किती वाजता बोलावलंय?”

तेव्हा त्याने मला समजावून सांगितलं, अगदी साधेपणाने, ईशानला ऑफसाइड समजावतो तसं. स्लावाला कुणी बोलावत नाही. दिवस सगळ्यांना माहीत असतो. नवा माणूस असला तर त्याला दिवस सांगायचा. ज्याला तुम्ही हवे असता तो येतो. बोलावलं तर ती त्याच्यावर जबरदस्ती. दार उघडं ठेवायचं आणि आलेल्याला आधी गहू द्यायचे. घरधन्याने त्या दिवशी बसायचं नसतं. पाहुणे आहेत तोवर त्याने उभं राहून वाढायचं.

“माझ्या बापाने सकाळपासून उभं राहून वाढलेलं मी पाहिलंय,” तो म्हणाला. “माल्टात आमच्या टीमचा ड्रायव्हर आला होता. थायलंडमध्ये स्वयंपाकीण. गोव्यात घरमालकीण दोन बहिणींना घेऊन आली, वास आला म्हणून. प्रत्येक देशात कुणीतरी आलं.”

आणि मला बसवून तो उभं राहून वाढू लागला. त्या दुखऱ्या गुडघ्यावर. मी म्हणाले, बस थोडं. तो म्हणाला, पाहुणी आहे घरात.

मी जेवत होते आणि दाराकडे बघत होते. तो दाराकडे बघत नव्हता. तो खिडकीतून खाली बघत होता. खालचे सामने संपत आले होते. आईबाप मुलांच्या अंगावर जाकिटं चढवत होते. आमच्या टीममधले दोघेजण तिथेच पोरांना पंच म्हणून उभे होते. ग्रॅहम गोलपोस्टच्या जाळ्या सोडवून खांद्यावर घेत होता. हे सगळे त्या टेबलापासून एका जिन्याच्या अंतरावर होते.

“मी ग्रॅहमना हाक मारू?” मी विचारलं. “त्यांना ठाऊक नसेल.”

“त्याला दिवस ठाऊक आहे.”

“इथे लोक बोलावल्याशिवाय येत नाहीत, ल्युबिशा. आमच्याकडेही नाहीत येत. मावशी म्हणाल्या—”

“बसून जेव,” तो म्हणाला. रागाने नाही. “हाक मारली तर तो येईल. चांगला माणूस आहे. पण मग मला कधीच कळणार नाही.”

काय कळणार नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही.

ग्रॅहमने जाळ्या व्हॅनमध्ये टाकल्या. दार लावताना त्याची नजर वर गेली. उजेडाच्या खिडकीत इस्त्रीचा शर्ट घालून उभा असलेला ल्युबिशा त्याला दिसला असणार. ग्रॅहमने हात वर करून हलवला, मनापासून, मोकळेपणाने. ल्युबिशानेही हात हलवला. मग व्हॅन सुरू झाली, मागचे लाल दिवे कुंपणाला वळसा घालून गेले, आणि मैदानावर अंधार झाला.

ल्युबिशाने मेणबत्तीवर वाइनचे थेंब सोडून ती विझवली. मला डबा भरून दिला. पेटीही दिली.

मंगळवारी त्याने ग्रॅहमला सांगितलं की सीझन संपला की तो जाणार. ग्रॅहम म्हणाला असेल, स्वीट ॲज.

मला हे ऑगस्टमध्ये कळलं, तेही ग्रॅहमकडून. वेलिंग्टनचा एक तरुण डिफेंडर पुढच्या वर्षासाठी नक्की झाला होता. मी खुर्च्या रचत होते, ग्रॅहम बाजूला येऊन उभा राहिला. “तुमच्या लुबोचं वाईट वाटतं गं,” तो म्हणाला. “पोरांचा जीव आहे त्याच्यावर. कमिटीतले तिघेचौघे एक वर्ष अजून ठेवायचं म्हणत होते. मीसुद्धा. पळत नाही पूर्वीसारखा, पण पोरांना शिकवतो ना. आम्ही विचारणारच होतो, तेवढ्यात हा येऊन म्हणतो, जातो. घरची ओढ लागली असेल.”

मी त्याला रविवारबद्दल सांगितलं. टेबल, ताटं, उघडं दार. माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं. मला दोनदा सुरुवात करावी लागली. ग्रॅहमने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

“पण तो काही बोललाच नाही,” तो म्हणाला. “नुसता दिवस सांगितला. मला वाटलं, माहिती देतोय. मी पावलोवा केक घेऊन आलो असतो गं. बायकोला घेऊन आलो असतो.”

“आता काही करता येणार नाही का?”

त्याने वेलिंग्टनच्या पोराचं नाव घेतलं आणि मान हलवली. तो खरंच वाईट माणूस नाही. सोपं गेलं असतं, दोघांतला कुणी वाईट असता तर. मी रात्री अंथरुणात पडून वाईट माणूस शोधत राहिले आणि मला तो सापडला नाही.

शनिवारी गुडघा बांधताना मी सगळं ल्युबिशाला सांगितलं. ते तुला ठेवणार होते. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे बोलावतात. तो छताकडे बघत ऐकत होता. मला वाटलं आता तो चिडेल, खाली उतरून ग्रॅहमकडे जाईल, निदान एखादी सर्बियन शिवी देईल.

“मी त्यांना दिवस सांगितला होता,” तो म्हणाला. मग म्हणाला, “घट्ट बांध.”

त्याच्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी कोवायची झाडं पिवळ्या फुलांनी भरली होती आणि तुई पक्षी त्यांत वेड्यासारखे ओरडत होते. त्याने सकाळी दोरी ताणून रेघा मारल्या, आणि मला दिसलं की आज तो कोपऱ्यापाशी थांबून मागे बघतोय. रेघ सरळच होती. दुपारी त्याला शेवटची काही मिनिटं खेळवलं. ईशान आणि त्याची गँग कुंपणावर चढून “लुबो, लुबो” ओरडत होती. त्याने त्यांच्याकडे बघून हात केला, आणि मी नजर दुसरीकडे वळवली. कारण पुढच्या जुलैत त्या ओळीत त्याची मुलगी असायला हवी होती, आणि ती जागा मला फार स्पष्ट दिसत होती.

आता तो ऑस्ट्रियात एका गोदामात काम करतो. घरच्यांना तिथे नेता आलेलं नाही. फुटबॉल खेळत नाही. गुडघ्याचं विचारलं की अंगठा वर केलेलं चित्र पाठवतो. मी माझ्या परीक्षेत गुडघ्याच्या प्रकरणाला चांगले गुण मिळवले. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. आपण शिकतो म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या घरात मलाच पहिल्यांदा पडलाय आणि विचारायला कुणी नाही. कुठली पट्टी कुठे बांधायची ते मला शिकवलंय. त्या रविवारी जिन्याच्या वर एक माणूस उभा होता, खाली पन्नास माणसं उभी होती, आणि मधल्या जिन्यावर फक्त मी होते, दोन्हीकडची रीत कळणारी. तरी काही झालं नाही.

काल त्याचा निरोप आला. “सोमवारी पीटर.” एवढंच.

हाच तो जुलै, नेवेना इथे येणार होती तो.

मी मावशींच्या पातेल्यात गहू भिजत घातले आहेत. मावशींनी झाकण उचलून बघितलं, कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी झाकण परत ठेवलं, म्हणाल्या, “अक्रोड आणायला हवेत,” आणि यादीत लिहायला गेल्या. ऑस्ट्रिया इथून किती लांब आहे ते ईशानने गूगलवर बघितलं आणि म्हणाला, “That's heaps.”

मी निरोपाला काय उत्तर द्यायचं ते ठरवत बसले होते, तेवढ्यात आण्णांचा फोन आला. तिकडे आषाढ चालू आहे. पंचगंगेला नवं पाणी आलंय. ते पाणी घागरीत भरून, पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजवत, गल्लीगल्लीतून लोक टेंबलाई देवीच्या टेकडीवर घेऊन जातात, आणि मग घरोघरी मटणाचं जेवण असतं. आमच्या घरी त्या दिवशी आण्णा बसत नाहीत. हातात भांडं घेऊन उभ्यानेच वाढत असतात. हे मला काल फोन कानाला असताना आठवलं, त्याआधी कधी नाही.

“जेवलीस का?”

“जेवले.”

“थंडी हाय का?”

“आहे.”

“बरं. येत्या मंगळवारी आपल्या गल्लीची टेंबलाई हाय.” मग म्हणाले, “म्हटलं सांगून ठेवावं.”

इथे आल्यापासून दर आषाढात त्यांनी मला हे असंच सांगितलं आहे. ये, असं ते एकदाही म्हणालेले नाहीत. त्यांना माहीत आहे माझी परीक्षा आहे, विमान आहे, समुद्र आहेत. मलाही माहीत आहे. मी दर वर्षी माहिती मिळाल्यासारखी ऐकून घेतली.

काल तसं ऐकता येईना. मागे गहू पाण्यात फुगत होते. 

“बरं, आण्णा,” मी म्हणाले.

व्हॅनचं दार लावता लावता ग्रॅहमने खालून हात हलवला होता, तसं. मनापासून.